वऱ्हाडातील शहरी उपाहारगृह आणि सहभोजनाचा प्रश्न : अमरावती-अकोल्याच्या संदर्भात

प्रस्तावना

शहराच्या मध्यवस्तीतील उपाहारगृहात बसून जेवणे ही आज इतकी साधी बाब झाली आहे की, तिलाही इतिहास असू शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. भूमध्य सागराकाठच्या लहान गावांत चौकातील खाणावळ ही नागरी जीवनाची खूण समजली जाते. ग्रीक बेटांवरील कॉफीगृहे तर गावच्या पुरुषांची दुसरी चावडीच होती. मात्र वऱ्हाडातील उपाहारगृहाचा इतिहास प्रथमतः चवीचा नाही. कोणी कोणाशेजारी बसावे आणि कोणत्या भांड्यातून खावे, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. वऱ्हाडच्या कापसावर, रेल्वेवर आणि सामाजिक चळवळींवर बरेच लेखन झाले. या तिन्हींचा संगम जेथे झाला ते हॉटेलातील बाक मात्र अभ्यासकांकडून उपेक्षितच राहिले. शहरे वाढली, हॉटेले निघाली आणि जातिनिर्बंध आपोआप सैल झाले, असे विधान पुष्कळदा केले जाते. अमरावती व अकोला या दोन शहरांच्या संदर्भात ते कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कापूस, रेल्वे आणि परगावचा मुक्काम

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला अभूतपूर्व मागणी आली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोहोचला. बडनेरा ते अमरावती हा फाटा १८७१ चा. यामुळे अकोला थेट मुख्य मार्गावर आले, तर अमरावती त्यापासून किंचित बाजूला राहिले. पण दोन्ही शहरे कापसाच्या पेठा म्हणून नावारूपाला आली. जिन-प्रेस उभ्या राहिल्या. आडते, दलाल, मारवाडी आणि गुजराती व्यापारी, कारकून, वकील व मजूर येऊन स्थिरावले. अमरावतीच्या परकोटाबाहेर आणि अकोल्यात मोर्णेच्या पलीकडे नव्या वस्त्या पसरल्या.

येथे एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. कृषिसमाजात परगावी जाणारा मनुष्य शिदोरी बांधून निघे, नाही तर नात्यातल्या किंवा जातीतल्या घरी उतरे. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती, पण तेथेही शिधा घेऊन स्वतःची चूल पेटवायची असे. कापसाच्या बंड्या घेऊन बाजारात आलेला शेतकरी रात्र बंडीखाली काढी आणि भाकर-ठेचा खाऊन राही. विकत घेऊन जेवणे ही कल्पनाच त्याला अपरिचित होती. म्हणून खाणावळीचे पहिले गिऱ्हाईक शेतकरी नव्हे. घरापासून तुटलेले कारकून, विद्यार्थी आणि एकटे राहणारे नोकरदार हे तिचे खरे आश्रयदाते. अशा खाणावळी बहुधा एकेका जातीच्या असत. स्वयंपाकी कोणत्या जातीचा, हे पदार्थ कोणता याहून अधिक महत्त्वाचे होते. अर्थात शहराने पंगत मोडली नाही. तिने ती घरातून उचलून भाड्याच्या माडीवर नेली.

रेल्वेनेही वेगळे काही केले नाही. एकाच डब्यात दाटीवाटीने बसलेल्या उतारूंना स्थानकावर उतरताच 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे दोन घडे दिसत. उपाहाराच्या खोल्याही निरनिराळ्या असत. प्रवास एकत्र आणि पाणी वेगळे, ही विसंगती कंपनीला खटकली नाही, कारण ती तिच्या सोयीची होती.

पंगतीतून बाकावर

या व्यवस्थेला पहिली फट पडली ती जेवणाने नव्हे, चहाने. भात-वरणाला जेवढा सोवळ्याचा जाच, तेवढा तळलेल्या व फराळाच्या पदार्थांना नव्हता. चहा तर जुन्या शास्त्रात नव्हताच, त्यामुळे त्याविषयीचा निर्बंध नव्याने घडवावा लागला. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य उद्भवले, त्यात लोकमान्य टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशनही अमरावतीतच भरले. राजकीय व्यासपीठावर एकत्र येणारी मंडळी पानावर एकत्र येतीलच असे त्या काळी कोणी गृहीत धरले नसते.

विसाव्या शतकात चहा-चिवडा-भजी विकणारी हॉटेले बाजारपेठेत रुजली. बाक लाकडी, कपबशी चिनी मातीची, आणि गिऱ्हाईक अनोळखी. पंगतीला यजमान असतो, हॉटेलला गल्ला. पैसे मोजणाऱ्याला त्याची जात विचारण्याचा व्यवहारतः फारसा अवकाश राहत नाही, हे खरे. पण ज्यांची जात गावात सर्वांना ठाऊक होती, त्यांच्या बाबतीत हा अवकाश मुद्दाम निर्माण केला गेला. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकासाठी बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी, ती त्यानेच विसळून ठेवण्याची रीत आणि वरून ओतलेला चहा ही महाराष्ट्रभर आढळणारी पद्धत होती. पैसा तोच, चहा तोच. फक्त कप वेगळा. बाजार माणसाला मुक्त करतो हे गृहीतक या कपाजवळ येऊन अडखळते.

वऱ्हाडात या प्रश्नाला भिडण्याचे प्रयत्न हॉटेलाबाहेर झाले, हे लक्षणीय आहे. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना अन्नदान केले आणि पंढरपुरात अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. त्यांच्या कार्याची चर्चा स्वच्छतेपुरती सीमित ठेवण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक उतरण्याची आणि जेवण्याची जागा हा त्यांच्या कार्याचा तितकाच मोठा भाग होता. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, तेथे सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहत. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. मंदिर, विहीर आणि छात्रालय या तीन ठिकाणी संघर्ष उघड झाला. हॉटेलातला भेद मात्र रोजचा आणि किरकोळ वाटणारा असल्याने त्यावर परिषदा भरणे अवघड होते. तो भेद अधिक काळ टिकला याचे एक कारण येथेच असावे.

भांड्यांचा कायदा

मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४७ मध्ये सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा झाला. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाबाबत भेदभावास मनाई केली. परंतु सर्वांत बोलके कलम १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमातील चौथे होय. त्यात केवळ प्रवेशाचा उल्लेख नाही. उपाहारगृह, हॉटेल, धर्मशाळा, सराई येथे लोकांसाठी ठेवलेली भांडी व इतर वस्तू वापरण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे. मसुदा करणाऱ्यांना दारात उभी असलेली ती वेगळी कपबशी नेमकी ठाऊक होती, असेच म्हणावे लागेल. कायद्याच्या भाषेत क्वचितच एवढे घरगुती शब्द येतात.

स्वातंत्र्योत्तर काळात शहराच्या मध्यभागातील उपाहारगृह खऱ्या अर्थाने सार्वजनिक होत गेले. त्याला हातभार लावला तो परप्रांतीयांनीही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने १९५० च्या सुमारास शेगाव स्थानकावर सुरू केलेली कचोरी आज त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. अमरावतीचा गिला वडाही असाच शहराची ओळख बनला. दोन्ही पदार्थ नाश्त्याचे, उभ्याने खाता येणारे. याउलट घरचे वऱ्हाडी अन्न, ज्वारीची भाकर, कण्या, पानगे, दीर्घकाळ हॉटेलच्या फळ्यावर आले नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी तर शेतात, देवळासमोर, गोवऱ्यांच्या विस्तवावरच शोभणारी मानली गेली. ज्या अन्नाशी पंगतीची स्मृती जोडलेली होती ते बाजारात उशिरा आले, आणि ज्याला अशी स्मृती नव्हती ते आधी आले. हा क्रम योगायोगाचा वाटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळाच पडदा होता, आणि तो अक्षरशः पडदाच होता. 'फॅमिली रूम' म्हणून लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या खोल्या अनेक हॉटेलांत असत. एकट्या स्त्रीने मुख्य दालनात बसून चहा घेणे असभ्य समजले जाई. ग्रीक कॉफीगृहांतही स्त्रिया फार काळ दिसत नसत. तेव्हा हे वऱ्हाडचेच वैशिष्ट्य म्हणता येणार नाही. मात्र येथे त्या निषेधाला खोलीचे रूप मिळाले.

राहता राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. बाकावर बसण्याचा हक्क मिळाला, तरी चुलीजवळ कोण उभे राहणार हे मालकच ठरवीत असे, आणि गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीचे कारण त्यासाठी पुढे केले जाई. १९७६ मध्ये उपरोक्त अधिनियमाचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे बदलले गेले, तेव्हा त्याच चौथ्या कलमात व्यवसाय व धंदा यांच्या जोडीला कोणत्याही कामावरील नोकरीचाही समावेश करण्यात आला. पुढच्या दालनातून मुदपाकखान्यापर्यंतचे हे अंतर कापायला कायद्याला एकवीस वर्षे लागली.