पुढच्या खेळाचा धावा

डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रॉस्ट जायंट स्टुडिओजने किकस्टार्टरवर लोकांपुढे झोळी पसरली, तेव्हा मागणी फक्त एक लाख डॉलरची होती. तासाभराच्या आत ती पुरी झाली. मोहीम संपली तेव्हा सुमारे २४ लाख डॉलर जमले होते आणि देणाऱ्यांची संख्या २८ हजारांवर गेली होती. गंमत अशी की ‘स्टॉर्मगेट’ नावाचा हा व्हिडिओ गेम पुढे फुकटच खेळता येणार होता. त्यामुळे अनेकांची वर्गणी एका खेळासाठी नव्हतीच. मरायला टेकलाय असं ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं जात होतं, तो अख्खा खेळप्रकार पुन्हा उभा राहावा म्हणून ही मंडळी पैसे टाकत होती.

तो प्रकार म्हणजे रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘आरटीएस’. पडद्यावर वरून दिसणारा रणप्रदेश असतो. मजूर लावून सोनं, लाकूड किंवा खनिज गोळा करायचं, त्यातून इमारती बांधायच्या, सैन्य उभारायचं आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. बुद्धिबळासारखी इथे पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी प्रतिस्पर्धी थांबत नाही. डोकं आणि बोटं दोन्ही एकाच वेळी चालवावी लागतात आणि नवख्याला या खेळाचा घाम फुटतो तो त्यामुळेच.

या प्रकाराची जन्मकथाच अशी आहे की ‘एक खेळ सगळं बदलतो’ ही समजूत त्याच्या चाहत्यांत मुरावी. आधी काही तुरळक प्रयोग झाले होते, पण पक्का साचा पडला तो १९९२ मध्ये, लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ने. वाळवंटातला मसाला गोळा करा, तळ बांधा, रणगाडे पाठवा. आज खेळायला बसलं तर हात आखडतात, कारण एका वेळी एकाच तुकडीला हुकूम देता येतो. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा तोच खटाटोप. पण पुढची दहा वर्षं सगळ्यांनी गिरवला तो हाच कित्ता. या प्रकाराला नाव मिळालं तेही वेस्टवुडच्या ब्रेट स्पेरी यांच्याकडून.

नंतर भराभर एकेक खेळ आला आणि प्रत्येकाने एकेक पायरी वर नेली. १९९४ मध्ये ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट’ने चार जणांची तुकडी एकदम हलवू दिली. १९९५ मध्ये वेस्टवुडच्याच ‘कमांड अँड काँकर’ने ती मर्यादा काढून टाकली आणि मोहिमांच्या मध्ये खऱ्या नटांचे चित्रित प्रसंग घातले. १९९७ मध्ये डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला आणि विज्ञानकथेच्या जागी इतिहास बसला. त्याच वर्षी ‘टोटल ॲनाहिलेशन’ने रणभूमीला डोंगरदऱ्यांचे खरे चढउतार दिले. १९९८ च्या मार्चमध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला. त्यातल्या तिन्ही जमाती एकमेकींहून मुळापासून वेगळ्या, तरी बळाने तुल्य.

दक्षिण कोरियात ‘स्टारक्राफ्ट’ खेळ राहिला नाही, तो व्यवसाय झाला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर भाड्याने संगणक देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. वेगवान इंटरनेटचं जाळं पसरत होतं आणि नोकरी गेलेल्या, रिकाम्या हातांना स्वस्त करमणूक हवी होती. नेमका त्याच वेळी हा खेळ दुकानांत पोचला. २००० पासून ऑनगेमनेट ही फक्त व्हिडिओ गेम दाखवणारी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, पगारी संघ आले, लिम यो-ह्वानसारखे खेळाडू तारे झाले. २००४ च्या जुलैत बुसानच्या ग्वांगल्ली समुद्रकिनाऱ्यावर लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा एक लाख प्रेक्षक जमल्याचा आयोजकांचा दावा होता. आकड्याला थोडी काट मारली तरी वाळूत बसून दोन मुलांचा संगणकावरचा सामना बघणारी ती गर्दी जगातल्या प्रत्येक आरटीएसवेड्याच्या मनात घर करून बसली. पुढे कुठलाही नवा खेळ आला की त्याची तुलना नकळत त्या किनाऱ्याशी होऊ लागली.

भारतात एवढं काही घडलं नाही, पण वारा इथेही लागला होता. त्या काळात पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत खोल्याखोल्यांतून लॅनच्या वायरी ओढून ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत रात्री काढलेली पिढी आज चाळिशीत आहे. शत्रूच्या सैनिकाला आपल्या बाजूला ओढणाऱ्या पुजाऱ्याचा ‘वोलोलो’ हा मंत्र त्यांना अजून पाठ असतो.

पडझड सुरू झाली तीही याच दशकात. वेस्टवुड १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतला आणि २००३ मध्ये बंद केला. एन्सेम्बलला मायक्रोसॉफ्टने २००९ च्या सुरुवातीला टाळं लावलं. ‘टोटल ॲनाहिलेशन’वाला केव्हडॉग तर त्याआधीच गेला होता. खेळ तयार करण्याचा खर्च वाढत चालला होता, घराघरांत कन्सोल आले होते आणि माउसशिवाय आरटीएस खेळणं म्हणजे शिक्षा. पण खरा घाव घरातूनच बसला. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये स्वतःचे नकाशे बनवायची सोय होती. तिच्यातून हौशी मंडळींनी ‘डोटा’ घडवला. त्यात ना तळ बांधायचा ना मजूर सांभाळायचे, प्रत्येकाने एकच वीर हाताळायचा. याच कल्पनेवर २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ उभा राहिला आणि त्याने जगभरातली तरुण पोरं ओढून नेली. संघात चार सोबती असतात, हरलं की दोष वाटून घेता येतो. आरटीएसमध्ये एकट्याने हरायचं असतं आणि हे दुखणं कुठल्याही सुबक चित्रांनी बरं होत नाही.

इथून तारणहाराची वाट पाहणं सुरू झालं.

पहिला मान ‘स्टारक्राफ्ट २’चा. त्याची घोषणाच २००७ च्या मे महिन्यात सोलमध्ये झाली. २०१० च्या जुलैत तो आला आणि ४८ तासांत १५ लाख प्रती गेल्या. काही वर्षं खरोखर सुगीची गेली. पण कोरियात प्रक्षेपणाच्या हक्कांवरून ब्लिझर्ड आणि तिथल्या संघटनेत वाद पेटला, पहिल्या ‘स्टारक्राफ्ट’च्या खेळाडूंचं सामना-निश्चितीचं प्रकरण २०१० मध्येच फुटलं आणि २०१६ मध्ये तिथली ‘प्रोलीग’ ही सांघिक स्पर्धा बंद पडली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ब्लिझर्डने ‘स्टारक्राफ्ट २’साठी यापुढे विकाऊ नवा मजकूर करणार नाही असं जाहीर केलं. राजाने गादी सोडली होती.

मधल्या काळात गादीवर बसवायला अनेकांना आणलं गेलं. २०१० च्या ‘कमांड अँड काँकर ४’ने तळ बांधणंच काढून टाकलं. ज्या मालिकेने तळ बांधायला शिकवलं तिनेच तसं करावं याचा राग अजून शमलेला नाही. २०१२ मध्ये ‘प्लॅनेटरी ॲनाहिलेशन’ला किकस्टार्टरवर २२ लाख डॉलर मिळाले, पण हाती आलेला खेळ लोकांना अर्धाकच्चा वाटला. २०१७ चा ‘डॉन ऑफ वॉर ३’ डोटाच्या चाहत्यांनाही खूश करायला गेला आणि वर्षभराच्या आत त्यावरचं काम थांबलं. २०२० च्या जानेवारीत जुन्या ‘वॉरक्राफ्ट ३’ची डागडुजी करून आणलेली ‘रीफोर्ज्ड’ आवृत्ती इतकी फसली की ब्लिझर्डला मागेल त्याला पैसे परत द्यावे लागले. २०२१ चा ‘एज ऑफ एम्पायर्स ४’ चांगला निघाला, पण चांगला असणं पुरेसं नव्हतं. लोकांना बुसानचा किनारा हवा होता.

एकाच खेळावर एवढा भार टाकण्यामागे निव्वळ भाबडेपणा आहे असं समजू नये. ऑनलाइन आरटीएस मुख्यतः दोघांचा असतो आणि समोरचा तुल्यबळ हवा. पाच मिनिटांत तसा कोणी सापडायला कुठल्याही क्षणी हजारो लोक त्याच खेळात हजर असावे लागतात. आठवडी बाजार सगळे एकाच दिवशी येतात म्हणून भरतो. लोक पाच गावांत विखुरले तर एकही बाजार भरत नाही. कादंबऱ्यांच्या वाचकाला असली अडचण नसते, त्याला दहा लेखक चालतात. आरटीएसवाल्याला सगळ्यांनी मिळून एक ठिकाण ठरवावं लागतं आणि ते ठिकाण म्हणजे ‘पुढचा मोठा खेळ’. त्यात समालोचक, प्रशिक्षक, स्पर्धा भरवणारे यांची रोजीरोटी अडकलेली. शिवाय असे मोठे खेळ दोन-चार वर्षांतून एखादाच येतो आणि तो आपटला की पैसे लावणारे खेळाला नव्हे, प्रकारालाच नापास करतात, ही भीतीही अगदीच निराधार नाही.

शिवाय शेजारच्या आळीत चमत्कार घडलेलाही होता. शहर वसवण्याच्या खेळांचा राजा ‘सिमसिटी’. २०१३ मध्ये तो सतत इंटरनेट मागणारा करून आणला आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. ४ मार्च २०१५ ला त्याचा मूळ स्टुडिओ बंद झाला आणि सहाच दिवसांनी, १० मार्चला, फिनलंडच्या टांपेरे गावातल्या जेमतेम डझनभर माणसांच्या कलॉसल ऑर्डरने ‘सिटीज: स्कायलाइन्स’ बाजारात आणला. महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या. त्याआधी २०१२ मध्ये ‘एक्सकॉम’ने पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांना असंच उठवून बसवलं होतं. आपल्याच पंगतीत पान वाढलं जाऊ नये, असं आरटीएसवाल्यांना का वाटावं?

‘स्टॉर्मगेट’ला म्हणूनच सुरुवातीपासून देवपण चिकटलं. त्याचे कर्ते टिम मॉर्टन ‘स्टारक्राफ्ट २’चे निर्मिती-संचालक होते, टिम कॅम्पबेल ‘वॉरक्राफ्ट ३’च्या विस्तारावर काम केलेले. कोरियाच्या काकाओ गेम्सने पैसे घातले होते. आश्वासनं सगळ्यांना होती: एकट्याने खेळणाऱ्यांना कथा, मित्रांबरोबर खेळणाऱ्यांना सहकारी मोहिमा, स्पर्धकांना क्रमवारीची शिडी, हौशींना नकाशे बनवण्याचं साधन, आणि वर सगळं फुकट. इथेच माशी शिंकली. एवढं सगळं एकदम करायला ब्लिझर्डसारख्या श्रीमंत कंपनीलाही बरीच वर्षं लागली होती. १३ ऑगस्ट २०२४ ला अपुरा खेळ सर्वांसाठी खुला झाला. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर एका वेळी खेळणाऱ्यांची गर्दी पाच हजारांच्या आसपास जाऊन थांबली आणि पुढच्या महिन्यांत ओसरून शेकड्यांवर आली. चित्रं बालिश, कथा तोकडी, अशी टीका झाली. ती बहुतांशी खरीच होती. पण हाच खेळ कुणा अनोळखी चमूने गाजावाजा न करता आणला असता तर लोक इतके चिडले नसते. ‘स्टारक्राफ्ट २’च्या सामन्यांचा तोल सांभाळलेले डेव्हिड किम ‘बॅटल एसेस’ हा दहा मिनिटांत आटोपणारा खेळ घेऊन येत होते. तो तर प्रकाशित होण्याआधीच २०२५ मध्ये रद्द झाला.

या सगळ्या धाव्यात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. प्रकार मेला नव्हताच, तो मागच्या दाराने जगत होता. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ कंपनीने सोडून दिल्यासारखाच होता. काही चाहत्यांनी बिनपगारी बसून त्यात नवी राज्यं घातली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेच काम ‘द फरगॉटन’ नावाने अधिकृत विस्तार म्हणून विकायला काढलं. भारतीय राज्य या खेळात आलं ते तेव्हा. २०१९ ला नवी ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती आली आणि एप्रिल २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने त्या एका ‘भारतीय’चे तुकडे करून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी चार राज्यं केली. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा मिळाल्या; देवगिरीच्या यादवांना मात्र वेगळं पान वाढलं गेलं नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. तेवीस वर्षांच्या जुन्या खेळासाठी!

कोरियातही तसंच. तिथले प्रेक्षक नव्या ‘स्टारक्राफ्ट’कडून वळले ते पहिल्याकडेच, आणि २०१६ पासून जुन्या खेळाची नवी लीग इंटरनेटवर चालू आहे. ‘टोटल ॲनाहिलेशन’चं भूत ‘बियाँड ऑल रीझन’ या नावाने हिंडतं आहे. स्वयंसेवकांनी बांधलेला हा खेळ फुकट आहे आणि एकेका सामन्यात सोळा जण सहज भिडतात. कुणी घोषणा केली नाही, कुणी तारीख दिली नाही, आणि म्हणून कुणाचा अपेक्षाभंगही झाला नाही.

‘स्टॉर्मगेट’ची पूर्ण आवृत्ती ५ ऑगस्ट २०२५ ला आली. गर्दी परतली नाही. त्याच महिन्यात कोलोनच्या गेम्सकॉम मेळ्यात ब्रेमेनच्या किंग आर्ट गेम्सने ‘डॉन ऑफ वॉर ४’ची घोषणा केली. तिसऱ्या भागाने जे मोडलं ते पुन्हा जुन्या वळणावर नेऊ, तळबांधणी परत आणू, असा तिचा सूर होता. खेळ २०२६ मध्ये यायचा होता, आणि आरटीएस वाचेल की नाही हे आता यावर ठरणार, असं म्हणणारे दुसऱ्या दिवशीपासूनच भेटू लागले.