शाळेंतील गायन, चित्र, व्यायाम व आरोग्य : हुपरी परिसरांतील साधनांचा विचार

बखरी, सनदा, महजर व करीने यांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या विद्वानांपुढें शाळेंतील गायन, चित्रकला, व्यायाम आणि आरोग्य या विषयांची चर्चा करणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. वेळापत्रकांत ज्यांना शेवटचा तास मिळावा आणि परीक्षा जवळ येतांच तोही गणिताकडे जावा, असे हे विषय. प्रस्तुत लेखकानें संस्कृताचा शिक्षक या नात्यानें असे तास स्वतःही मागून घेतलेले आहेत. तेव्हां हा लेख अंशतः प्रायश्चित्तादाखल आहे असें समजण्यास हरकत नाहीं. परंतु सेवानिवृत्तीनंतर जुन्या वह्या व पोथ्या चाळीत असतां एक गोष्ट ध्यानांत आली, ती अशी : ज्या विद्येनें शाळेंत प्रवेश केला तिचे कागद निर्माण झाले, जी दाराबाहेर राहिली तिचे झाले नाहींत. हुपरीच्या सभोंवारच्या टापूंत या विधानाच्या दोन्ही बाजूंचीं उदाहरणें मिळतात. तीं क्रमानें पाहूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हे विषय एकत्र आणण्याची कल्पना पाश्चात्य धर्तीच्या शाळेबरोबर आलेली नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. त्या काळीं करवीर प्रांतावर राज्य करणारे शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. अर्थात् हा ग्रंथ आपल्या प्रांतास परका नव्हे. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना असून गीत, वाद्य, नृत्य, चित्रकर्म, स्नान, अभ्यंग, अन्न व मल्लविनोद या सर्वांना त्यांत स्थान आहे. मल्लांच्या सरावाचे भारश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम असे प्रकार तो सांगतो. यांपैकीं स्तंभश्रमांत मल्लखांबाचें पूर्वरूप पाहण्यांत येतें. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय असून व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, अशी मर्यादाही घातलेली आहे. पण या ग्रंथांचा वाचक कोण? पहिला राजाच्या विनोदासाठीं, दुसरा वैद्यासाठीं. तालमींतील पोराच्या किंवा कारागिराच्या हातीं त्यांतील पान पडलें असेल असें वाटत नाहीं. शास्त्र पोथींत आणि विद्या अंगांत, अशी ही फाळणी पुढें कित्येक शतकें टिकली.

गायनाच्या बाबतींत ती कशी मिटली याचें उदाहरण हुपरीच्या शेजारींच आहे. येथून सुमारें तीन-चार कोसांवर इचलकरंजी. तेथील बाळकृष्णबुवा (जन्म इ. स. १८४९) यांनीं वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून ग्वाल्हेरची ख्यालगायकी मिळविली व ती महाराष्ट्रांत रुजविली. ही विद्या सर्वस्वीं कानावाटे आली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर हे इ. स. १८७२ मध्यें कुरुंदवाडास जन्मले. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली व पुढें मिरजेस बुवांजवळ त्यांचें गायनाचें शिक्षण झालें. याच पलुस्करांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. गुरु एका शिष्यास एक चीज शंभर वेळां गाऊन दाखवील. वर्गांतील चाळीस मुलांस तें शक्य नाहीं. म्हणून फळा आला, फळ्यासाठीं स्वरलेखनाचीं चिन्हें आलीं आणि चिन्हांपाठोपाठ पुस्तकें आलीं. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं इ. स. १८८६ मध्यें काढलेल्या गायनशाळेसही हीच गरज भासली होती. आणि भातखंडे यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ ही नांवाप्रमाणेंच इयत्तांच्या क्रमानें रचलेली आहे.

संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक कसोटी मिळते. गवयांच्या व हरदासांच्या घरीं सांपडणाऱ्या जुन्या वह्यांत चिजेचे शब्द आणि वर राग-तालाचें नांव एवढेंच सामान्यतः असतें. चाल मालकाच्या कंठांत होती, ती त्याच्याबरोबर गेली. नंतरच्या वह्यांत स्वर व मात्रा मांडलेल्या दिसतात. पलुस्करांचीं चिन्हें निराळीं, भातखंड्यांचीं निराळीं. त्यावरून वहीचा मालक कोणत्या परंपरेंत शिकला हें ओळखतां येतें. पलुस्करी चिन्हांची वही विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वींची म्हणून कोणी दाखवूं लागल्यास अर्थातच सावध राहावें.

व्यायामाची वाटही अशीच. करवीर प्रांतांत तालीम ही आजच्या शाळेहून जुनी संस्था. शाहू महाराजांनीं (राज्यकाल इ. स. १८९४–१९२२) मल्लांना उदार आश्रय दिला व कोल्हापुरास खासबागेचें मैदान इ. स. १९१२ मध्यें पुरें झालें. परंतु डाव-पेंच उस्तादाच्या जिभेवर आणि पठ्ठ्याच्या अंगांतच राहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मल्लखांबास ऊर्जितावस्था आणणारे बाळंभटदादा देवधर यांचीही विद्या शिष्यपरंपरेनेंच पसरली. याच्या उलट औंधाचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. सगळा वर्ग एका रांगेंत नमस्कार घालणार म्हटल्यावर प्रत्येक स्थितीस अंक हवा, हुकूम हवा, चित्र हवें. तेथें पुस्तक अपरिहार्य झालें. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करीत. आपल्या विषयाच्या चारही शाखा एकाच पुरुषाच्या ठायीं नांदल्याचें हें उदाहरण विरळाच. पुढें बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनीं इ. स. १९३६ ते १९४९ या काळांत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध केले. मुंबई सरकारनें स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली ती इ. स. १९३७ मध्यें, आणि कांदिवलीस व्यायामशिक्षकांची संस्था निघाली ती १९३८ मध्यें. चित्रकलेपुरतें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचें (इ. स. १८५७) व एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांचें नांव घेतलें म्हणजे पुरे. आरोग्याची निकड तर १८९६ सालीं मुंबईंत शिरलेल्या प्लेगनेंच घरोघर पटविली.

आतां हुपरीकडे वळूं. कोल्हापूर संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा इ. स. १९१७ चा, त्यानें शाळेचें दार खेड्यांतील मुलास उघडलें. वीस वर्षांनीं, १९३७ मध्यें, वर्ध्यास मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढें आली. हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा मध्य असावा आणि त्याभोंवतीं चित्र, संगीत, आरोग्य इत्यादि विषय गुंफावे, असें तिचें सूत्र. त्या योजनेंत सूतकताईस मोठें महत्त्व आलें. परंतु हुपरी हें चांदीचें गांव. येथें घरोघर पैंजण, तोडे, वाळे, करदोडे, जोडवीं घडतात. मुशींत चांदी आटविणें, तार ओढणें, कड्या गुंफणें, ठशावर नक्षी उठविणें, झाळणें, घुंगरूं लावणें, उजाळा देणें हीं कामें निरनिराळ्या हातांतून जातात. यांत शाळेचे चारही विषय आहेत. घुंगराचा नाद ओळखण्यास कान लागतो, वेलबुट्टी समान अंतरानें उठविण्यास चित्रकाराचा डोळा लागतो, तार ओढण्यास दंड-खांदे लागतात. आणि भट्टीचा धूर, तेजाब व बसून बसून वांकलेली पाठ हा आरोग्याचा धडा तर रोजचाच.

या विद्येचा कागद मात्र आढळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर वस्तुही साधन म्हणून उरत नाहीं. जुना दागिना मोडींत निघतो आणि मुशींत जातो. आजच्या पैंजणांत पणजीच्या तोड्यांची चांदी असेल, पण तिची नक्षी नाहीं. भांड्यांसाठीं वितळविलेल्या ताम्रपटांबद्दल आपण हळहळतों; येथें तर वितळविणें हाच व्यवसायाचा नियम. उरतात ते केवळ ठसे. तेही नवी तऱ्हा निघाली कीं निरुपयोगी होतात.

एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शब्दरूपें लिहून घेत असतां चांदीकाम करणाऱ्या घरांतील एका विद्यार्थ्यानें वहीच्या समासांत घुंगरांची वेल काढली होती. पट्टीवांचून काढलेली, पण सर्व अंतरें नेमकीं सारखीं. वही घाण केली म्हणून त्यास बोल लावला आणि ती वेल खोडावयास लाविली. पुष्कळ वर्षांनीं त्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला तेव्हां ती नक्षी आजोबांच्या ठशावरची होती, असें कळलें. ठसा पाहूं म्हटलें, तर ठशांची पेटी भंगारांत वजनावर गेलेली. म्हणजे त्या नक्षीची एकमेव लेखी प्रत जी झाली होती, ती शिक्षकाच्या आज्ञेनें नष्ट झाली.

यावर असा आक्षेप येईल कीं, लिहिल्यानें अशा विद्या निर्जीव होतात. मींड अक्षरांत मावत नाहीं आणि डाव चित्रांत दिसत नाहीं. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पलुस्करांच्या शाळेंतूनच मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे नारायणराव व्यास व ओंकारनाथ ठाकूर यांच्यासारखे गवई निघाले. पुस्तकानें त्यांचा कंठ आटला नाहीं. कागद हा विद्येची जागा घेत नाहीं, तो तिची साक्ष देतो. साक्ष नसली म्हणजे पुढच्या पिढीस विद्या गमावली हेंसुद्धां कळत नाहीं.

सारांश, संग्राहकांनीं आपल्या दप्तरांत या साधनांसही जागा द्यावी अशी विनंति आहे. ठसा हातीं येतांच त्याचा कागदावर छाप घ्यावा; मालकाची संमति असल्यास घराणें, अंदाजें काल व त्यावर कोणता दागिना घडे हें मागें लिहावें. चिजांच्या वह्या स्वरचिन्हांसह व चिन्हांविना अशा निराळ्या ठेवाव्या. तालमीचे जमाखर्च, शाळांच्या जुन्या हजेऱ्या, मुलांच्या चित्रवह्या रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार पाहाव्या. आणि शिक्षकबंधूंस एवढेंच सांगणें कीं, चित्राचा तास गणितास देण्यापूर्वीं मुलांच्या वहीचा समास अवश्य तपासावा.