तळटीप : खलातले स्फटिक

* ‘नुसते घोटून’ : हा उल्लेख अतिशयोक्तीचा वाटेल, पण तसा तो नाही. सेंद्रिय स्फटिक म्हणजे द्रावकात विरघळवून, तापवून, सावकाश निववून मिळवायची गोष्ट, ही समजूत आपल्या प्रयोगशाळांत खोल रुजली आहे. प्रत्यक्षात 1893 मध्येच लिंग आणि बेकर यांनी क्विनहायड्रोन वर्गातली संयुगे घन घटक एकत्र घोटून मिळवली होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2013 मध्ये याच वाटेने ‘सीओएफ’, म्हणजे सहसंयुज बंधांनी विणलेल्या सच्छिद्र सेंद्रिय जाळ्या, तयार केल्या. एरवी अशा जाळीसाठी अल्डिहाइड आणि अमाइन सेंद्रिय द्रावकात, बंद नळीत, 120 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. इथे तेच घटक खलात, खोलीच्या तापमानाला, कोरडेच घोटले. पिवळी भुकटी आधी केशरी आणि मग गडद लाल होत गेली. बंध जुळत असल्याची ती उघड खूण होती. रसायनशास्त्रातली इतकी देखणी साधी कृती क्वचितच सापडते.

उणीवही सांगायला हवी. घोटण्याने थर सुटे होतात, स्फटिकपणा घटतो, पृष्ठफळ कमी भरते. द्रवाचे मोजके थेंब घातले तर रेणूंना हलायला वाव मिळून स्फटिकपणा सुधारतो. ‘द्रावकमुक्त’ हे विशेषणही जपूनच वाचावे : उरलेले कच्चे घटक काढण्यासाठी भुकटी शेवटी द्रावकानेच धुवावी लागते, आणि पर्यावरणाच्या हिशेबात ते धुणेही धरले पाहिजे.

— संपादक