विश्वारंभाचा वाद आणि कलकत्त्याचे समीकरण

आइन्स्टाइनची समीकरणे समग्र विश्वाला लावून अलेक्झांडर फ्रीडमनने पेट्रोग्राडमध्ये १९२२ साली जे गणित मांडले, त्यातील प्रसरणशील विश्वाचा माग भूतकाळात काढीत गेले असता एका क्षणी अंतरे शून्य होतात, घनता अनंत होते आणि ज्या समीकरणांच्या आधारे आपण तेथवर पोचलो तीच निरर्थक ठरतात. सिंग्युलॅरिटी म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था पुष्कळ विद्वानांना केवळ गृहीतकाचा दोष वाटे. विश्व सर्व दिशांना सारखे मानल्यामुळेच सगळे द्रव्य एका ठिकाणी येते, खऱ्या विषम विश्वात ते परस्परांना चुकवून जाईल, अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीची कसून झडती घेतली ती कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी. आशुतोष कॉलेजातील अध्यापनानंतर १९५२ साली ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्याकडे सोपविलेले काम धातूंच्या गुणधर्मांचे होते. सापेक्षतेचा व्यासंग त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालविला, आणि १९५३ साली पाठविलेला त्यांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'त छापून यावयास १९५५ साल उजाडले.

रायचौधुरींनी सममितीचा आधारच काढून घेतला. मुक्तपणे वाहणाऱ्या द्रव्यकणांचा एक लहानसा पुंज घेतला, तर त्याचे आकारमान कसे बदलते, एवढेच त्यांचे समीकरण विचारते. द्रव्याचे गुरुत्व पुंज आवळते, हे अपेक्षितच. परंतु पुंज एका दिशेने ताणला आणि दुसरीने चेपला गेला, तर ती विकृतीही आकुंचनालाच हातभार लावते. ज्या विषमतेच्या साक्षीवर प्रतिपक्षाची सारी भिस्त, तीच अशी फितूर झाली! विरोध करते ते एकटे परिवलन. मला या समीकरणाची थोरवी त्याच्या या निःस्पृह हिशेबात दिसते.

पुढे १९६५ साली रॉजर पेनरोजने कोसळणाऱ्या ताऱ्याविषयी, आणि पाठोपाठ स्टीफन हॉकिंगने विश्वारंभाविषयी, सममितीवाचून जे सिद्धांत सिद्ध केले, त्यांच्या मुळाशी हाच हिशेब आहे. गुरुत्व सदैव आकर्षकच असते, ही मात्र त्या सिद्धांतांची अट; आणि कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह ऋण ऊर्जेचे निर्मितिक्षेत्र कल्पिले, तेव्हा त्यांनी रायचौधुरींच्या गणिताला नव्हे, तर नेमक्या या अटीलाच हरकत घेतली होती.