शिष्यवृत्तीची अट आणि बी.ए. झालेला इंजिनीअर

आपल्या माजी विद्यार्थी संघाची शिष्यवृत्ती फक्त इंजिनीअरिंग-मेडिकलला जाणाऱ्यांनाच द्यावी, अशी सूचना आली आहे. ‘आर्ट्सला जाऊन पुढे काय?’ यावर ग्रुपवर बरीच खडाजंगी झाली. मी स्वतः कॉम्प्युटर इंजिनीअर. पोट त्याच पदवीवर चालतं, तेव्हा तिला नावं ठेवायला बसलेले नाही. पण हा वाद जुना आहे आणि इथलाच आहे.

१८५४ साली पुण्यात इंजिनीअरिंग क्लास उघडला. हेतू सरळ होता: सरकारी बांधकामांवर हाताखाली माणसं हवी होती. त्याच वर्षी वुडचा खलिता आला, १८५७ला मुंबई विद्यापीठ निघालं आणि पुढे बी.ए.ची ऐसपैस पदवी आली. दोन्ही वाटा जवळपास एकाच वेळी सुरू झाल्या.

या दोन्ही वाटांनी गेलेला माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. शिकवण्या करत ते १८८१ला बंगळूरमध्ये बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) आले आणि १८८३ला एल.सी.ई. झाले. आपली अट त्यांना लावली, तर बी.ए.च्या वर्षांत त्यांना एक पैसा मिळाला नसता.

खडकवासल्याचे त्यांचे १९०३चे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र त्यांची कालव्याची ब्लॉक पद्धत जास्त मोठी वाटते. सगळं पाणी उसाने पिऊन टाकू नये म्हणून जमिनीचे गट पाडायचे, पिकांची पाळी लावायची आणि तेच पाणी जास्त गावांना पुरवायचं. यात काँक्रीट नाही. शेती आहे, पैसा आहे, माणसांचे स्वभाव आहेत. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९१६ला तिथे विद्यापीठ निघालं, १९३४ला त्यांनी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. हे सगळं बी.ए.मुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण नुसती गणितं सोडवून हे सुचत नाही, एवढं माझा धंदा मला सांगतो.

१९८३ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आपल्यापैकी कितीतरी जण त्यामुळेच इंजिनीअर झाले, घरं वर आली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बघा, सिव्हिल, मेकॅनिकल, टेक्सटाइल शिकलेले आपले वर्गमित्र आज माझ्यासारखेच कोड लिहितात! पदवी एका नोकरीची, नोकरी भलतीच. माझ्या टीमला कोड लिहिणारे पटकन मिळतात. ग्राहकाची अडचण ऐकून ती एका पानात नीट मांडणारा शोधावा लागतो. ते मी याच शाळेत, मराठीच्या तासाला सारांशलेखनात शिकले.

यंदाच्या अर्जांत इतिहास घेऊन बी.ए. करायला निघालेली एक मुलगी आहे. तिचा अर्ज सध्या बाजूला ठेवलाय. सभेआधी तो पुन्हा गठ्ठ्यात यावा, एवढी विनंती.