नाव तेच, क्लास नवा

शनिवार पेठ पुण्यात आहे, तशीच ती साताऱ्यात, कऱ्हाडात आणि कोल्हापुरातही आहे. म्हणून पाकिटावर नुसते पेठेचे नाव घालून भागत नाही, गावाचे नावही घालावे लागते. जावा भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिताना कोडमधला बदल आपोआप लागू करून घेण्याची जी सोय आज गृहीत धरली जाते, तिचे मूळ अशाच एका नियमात आहे. जावात क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारा कोडचा घटक, केवळ नावाने ओळखला जात नाही; त्याला मेमरीत आणणारा क्लासलोडर कोणता, हेही त्याच्या ओळखीत मोडते.

हा नियम प्रोग्रामरचा वेळ वाचावा म्हणून जन्मला नाही. 1996 च्या पहिल्या आवृत्तीत क्लासलोडरचे एक मुख्य काम, ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये येणारी अ‍ॅप्लेट्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, एकमेकांपासून अलग ठेवणे हे होते. 1997 मध्ये एटी अँड टीच्या संशोधन विभागातील विजय सरस्वत यांनी दाखवून दिले की, वेगवेगळ्या लोडरांनी आणलेल्या एकाच नावाच्या दोन क्लासांत जावाच्या यंत्रणेची गफलत करता येते, आणि तशी गफलत झाली की भाषेने दिलेली सुरक्षिततेची हमीच कोसळते. त्यावरचा पक्का उपाय शेंग लियांग आणि गिलाड ब्राखा यांनी 1998 च्या निबंधात मांडला, आणि चालू सर्व्हरमधले क्लास बदलणे हा लोडरचा एक उपयोग म्हणून त्यातच नोंदवला. सुरक्षिततेच्या चिंतेतून घडलेली वस्तू सोयीच्या कामी आली, ती अशी.

जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सन कंपनीत लिहिलेला आणि 1999 मध्ये अपाचे या संस्थेकडे गेलेला टॉमकॅट सर्व्हर हे या उपयोगाचे सर्वांत परिचित रूप होय. त्यात ‘रीलोडेबल’ ही सेटिंग चालू केली की पार्श्वभूमीतला एक थ्रेड ठराविक वेळाने, पुढच्या आवृत्त्यांत सहसा दर 10 सेकंदांनी, क्लास-फाइलींच्या बदलाची वेळ तपासतो आणि एखादी फाइल नवी दिसताच अ‍ॅप्लिकेशनचा जुना लोडर सोडून देऊन नव्या लोडरने सारे क्लास पुन्हा आणतो. येथे क्लास बदलत नाही; त्याच नावाचा दुसरा क्लास उभा राहतो. जुना लोडर मात्र तेव्हाच नाहीसा होतो, जेव्हा त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणीही उरत नाही. एखादा थ्रेड किंवा डेटाबेसचा ड्रायव्हर जुन्या क्लासच्या एका ऑब्जेक्टला धरून बसला, तरी त्या लोडरचे शेकडो क्लास मेमरीत अडकतात. असे पाच-दहा रीलोड झाले की ‘पर्मजेन’ हा क्लासांसाठी राखलेला मेमरीचा भाग भरून जाई, आणि जो रीस्टार्ट टाळायचा तोच करावा लागे. 2014 च्या जावा 8 मध्ये पर्मजेन गेले. धरून बसण्याचा दोष काही त्याने गेला नाही.

दुसरी वाट क्लास जागच्या जागी बदलण्याची होती. 2002 च्या जावा 1.4 मध्ये आलेल्या ‘हॉटस्वॉप’ने मेथडच्या आतला मजकूर डीबगरमधून बदलता येऊ लागला, पण क्लासमध्ये एक नवा फील्ड घातला तरी ते नकार देते, कारण मेमरीत आधीच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये त्या फील्डला जागाच नसते. ही मर्यादा ओलांडण्याचा खटाटोप मोलाचा आहे. एस्टोनियातील झीरोटर्नअराउंडने 2007 मध्ये आणलेल्या जावारेबेलने, म्हणजे पुढच्या जेरेबेलने, लोड होणाऱ्या बाइटकोडमध्ये फेरफार करून, तर ऑस्ट्रियातील लिंझ विद्यापीठात थॉमस वुर्थिंगर यांनी जावाचे व्हर्च्युअल मशीनच सुधारून तो केला.

2015 मध्ये स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या 1.3 आवृत्तीबरोबर आलेले ‘डेव्हटूल्स’ पुन्हा लोडरकडेच वळले. क्वचित बदलणाऱ्या लायब्ररी एका लोडरकडे आणि स्वतःचा कोड दुसऱ्याकडे, अशी त्याने वाटणी केली. बदल होताच दुसराच तेवढा टाकला जातो, त्यामुळे पूर्ण रीस्टार्टपेक्षा काम पुष्कळ लवकर होते. तरीही कॅशमध्ये साठवलेला ऑब्जेक्ट नेहमीच्या पद्धतीने परत वाचला, तर तो पहिल्या लोडरच्या क्लासचा निघू शकतो. मग ‘कस्टमर’चे रूपांतर ‘कस्टमर’मध्ये करता येत नाही, असा संदेश लॉगमध्ये उमटतो. दोन्ही नावे अक्षरशः एकच असतात, वेगळे असतात ते लोडर.