चढणीचे मासे

सामन मासा समुद्रातून नदीत उलटा पोहत चढतो, हे टीव्हीवर आपण तोंडात बोट घालून पाहतो. आमच्या सिंदेवाहीकडेही पहिल्या पावसात मासे नाल्यांनी चढतात, ते कोण दाखवणार?

इकडचे तलाव मालगुजारांच्या काळातले. मान आधी धानाचा, मग माशाचा. पाणी बांध्यांना दिलं, उन्हाळ्यात तलाव आटत आला, की ढिवरांची जाळी पडायची. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले नि 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. मग मच्छीमार संस्था ठेक्याने तलाव घेऊ लागल्या, त्यांत रोहू-कतल्याचं बीज आलं.

पण रोहू साचल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पुराची धार लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन त्याची अंडी मिळवली आणि नदीवाचूनही बीज तयार होऊ लागलं. आता ते पिशव्यांतून येतं. ढिवरांच्या हाती चार पैसे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. मला खटकतं ते एवढंच, की चढणीच्या माशाच्या पोटात अंडी असतात आणि नाल्यात जाळं लागतं ते नेमकं तेव्हाच. त्याचं बीज तर कोणी पिशवीतून आणत नाही!